विशारद झालात, छान! पण शिकवायला कुठे शिकलात?



क्लासच्या व्यवसायावरचा आपला व्हिडिओ आल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय, आणि विचारणाऱ्या बहुतेक तायाच आहेत. "सर, माझं कथक विशारद झालंय. लग्नानंतर मधे सात-आठ वर्षं गेली. आता घराजवळ एक हॉल बघितलाय, बोर्ड लावू का?" कुणाचं भरतनाट्यम असतं, कुणाचं मध्यमा पूर्णपर्यंतच झालेलं असतं, पण सूर तोच. प्रमाणपत्र आहे, मग क्लास काढायला हरकत काय?

हरकत काहीच नाही. फक्त बोर्ड रंगवायला टाकण्याआधी ते प्रमाणपत्र कपाटातून काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते एकदा नीट वाचा. तुम्ही अमुक परीक्षा अमुक श्रेणीत उत्तीर्ण झालात, एवढंच त्यात आहे. म्हणजे परीक्षकासमोर तुम्हाला नाचता आलं, पढंत करता आली, लेखी पेपर सोडवता आला. सात-सात वर्षांच्या वीस मुलींना एका वेळी उभं करून त्यांच्याकडून तत्कार करून घेता येतो का, हे त्या कागदाला माहीतच नाही. ती परीक्षा तुमची कुणी घेतलेलीच नाही. आणि पालक फी देणार आहेत ती नेमकी त्याची.

आजचा लेख याच फटीबद्दल आहे.

परीक्षा मंडळ तुमच्या क्लासला काय देतं

महाराष्ट्रात सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. मिरज आणि वाशी ही त्याची दोन मोठी ठिकाणं. त्यांच्या परीक्षांची शिडी तुम्ही स्वतः चढलेला आहात, तरी नवीन वाचकांसाठी सांगतो: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. या झाल्या सात. वर अलंकारच्या दोन. वर्षातून दोन सत्रं असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. याशिवाय अलाहाबादची प्रयाग संगीत समिती (१९२६), चंदीगडचं प्राचीन कला केंद्र (१९५६) अशा जुन्या संस्था आहेत, त्यांच्या परीक्षांची नावं आणि टप्पे थोडे वेगळे.

आता हे धंद्याच्या नजरेनं बघा. कुठल्याही क्लासचं खरं दुखणं नवीन प्रवेश मिळवणं हे नसतं. जूनमध्ये प्रवेश येतातच. मुलं टिकत नाहीत, हे दुखणं. समजा, तुमची फी महिना १,००० रुपये आहे आणि वर्षाचे ११ महिने क्लास चालतो. एक मुलगी गॅदरिंगपर्यंत, म्हणजे आठ महिने आली आणि गेली, तर तुम्हाला मिळाले ८,०००. तीच मुलगी पाच वर्षं राहिली तर ५५,०००. आणि तिच्यामुळे तिची धाकटी बहीण येते, सोसायटीतल्या दोन मैत्रिणी येतात, तो हिशेब वेगळाच. नुसत्या सिनेमाच्या गाण्यांवर चालणाऱ्या क्लासला दर तीन महिन्यांनी नवीन गाणं, नवीन बॅच, नवीन जाहिरात लागते. तुमच्या क्लासला मात्र मंडळानं आयती पायरी करून दिलेली आहे. आईला सांगता येतं, "यंदा प्रवेशिका पूर्ण देतेय." पुढच्या वर्षी काय, हे तिला कळतं. मुलीलाही कळतं.

दुसरी गोष्ट, बाहेरचा माणूस. तुमच्या मुलींना तुम्ही रोज बघता, त्यामुळे तुम्हाला त्यांच्या चुका दिसेनाशा होतात. अनोळखी परीक्षक समोर बसतो आणि म्हणतो, "झपतालात तत्कार कर. ठाय, दुगुन, चौगुन. आता तोच तोडा हातावर ताल देऊन पढ." त्या दहा-पंधरा मिनिटांत क्लासचं वर्षभराचं काम उघडं पडतं. फुकटची तपासणी आहे ही. मुली आत कुठे अडखळल्या ते त्या बाहेर आल्या आल्या विचारून लिहून ठेवा. पाचपैकी चार जणी एकाच ठिकाणी अडल्या असतील तर तिथे मुलींचं काही चुकलेलं नाही, तुमच्या शिकवण्यात भोक आहे.

तिसरी गोष्ट दहावीची. राज्य मंडळाच्या दहावीला शास्त्रीय नृत्य, गायन, वादनाचे वाढीव गुण मिळतात, हे पालकांना तुमच्याआधी माहीत असतं. त्यासाठी संस्था शासनाच्या यादीतली लागते आणि ठराविक परीक्षा पास झालेल्या लागतात. नियम आणि गुण वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक शाळेतून मागून घ्या, ऐकीव आकडे पालकांना सांगू नका. या गुणांमुळे सहावी-सातवीत गर्दी होते. आणि दहावीचा फॉर्म भरून झाला की तीच गर्दी ओसरते. मार्च संपला की सर्वांत चांगल्या तयार झालेल्या आठ मुली क्लासमधून गायब, हे चित्र मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. ज्या क्लासमध्ये शिकवणं फक्त परीक्षेपुरतं होतं, तिथे हे जास्त होतं. साहजिक आहे, काम झालं, बाई घरी गेली.

शिडीचा सापळा

परीक्षेपुरतं शिकवणं म्हणजे काय, तर अभ्यासक्रमात चार तोडे मागितलेत, चारच शिकवायचे. तेही सगळ्यांना तेच चार. तोंडी परीक्षेला 'ताल म्हणजे काय', 'लय म्हणजे काय' याची दोन-दोन ओळींची उत्तरं घोकून घ्यायची. मुलगी व्याख्या धडाधडा म्हणते, पण तबलजीनं लय जरा वाढवली की समेवर येत नाही. ती पास होते. प्रमाणपत्र येतं, फ्रेम होतं, स्टेटसला लागतं. मग ती मध्यमाला पोचते आणि पाया कच्चा असल्यामुळे सगळंच जड वाटायला लागतं. मुलगी म्हणते, "मला आता आवडत नाही." आई म्हणते, "अभ्यास वाढलाय." तुम्हीही मानता की अभ्यास वाढला असेल.

दर सत्राला सगळ्यांचे फॉर्म भरण्याची घाई हा याच सापळ्याचा दुसरा भाग. एक लक्षात घ्या, परीक्षेची फी मंडळाला जाते, ते तुमचं उत्पन्न नाही. वर तबलजी, लेहऱ्याची सोय, केंद्रापर्यंतचा प्रवास, पोशाख हे सगळं पालकांच्या खिशातून. कच्च्या मुलीचा फॉर्म भरून तुम्ही कमावत काहीच नाही, फक्त एक नाराज घर तयार करता. "ताई, हिला सहा महिने थांबवूया" हे आईला जूनमध्येच सांगण्याची हिंमत ठेवा. पहिल्यांदा तोंड वाकडं होईल. पण निकालानंतर तुमच्या शब्दाला जे वजन येतं ते जाहिरातीनं येत नाही.

आधी शिक्षक घडवले, मग बाकीचं

आता थोडा इतिहास, आणि तो मी उगाच सांगत नाहीये. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं. पलूसकडचा मराठी माणूस, गुरू मिरजेचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि शाळा काढली थेट पंजाबात. कुठल्या राजाचा आश्रय नाही. जलशांची कमाई, विद्यार्थ्यांची फी आणि लोकांच्या देणग्या यांवर संस्था चालवली. आजच्या भाषेत पक्का स्वयंपोषित स्टार्टअप. पुस्तकं छापली, स्वतःची स्वरलिपी केली, आणि 'उपदेशक वर्ग' चालवला. या वर्गातल्या मुलांचा राहण्या-जेवणाचा भार संस्थेनं उचलायचा, मुलांनी कित्येक वर्षं मुक्काम करून शिकायचं, आणि तयार झाल्यावर गावोगावी जाऊन शिकवायचं. म्हणजे नुसते गवई घडवायचे नाहीत, शिक्षक घडवायचे, हे तिथे पहिल्यापासून ठरलेलं होतं.

१९०८ मध्ये संस्था मुंबईत आली. इथे मोठी इमारत बांधली, कर्ज झालं, आणि ती इमारत शेवटी लिलावात गेली. (हप्त्यावर मोठा हॉल घ्यायच्या विचारात असलेल्यांनी हे वाक्य परत वाचा.) १९३१ मध्ये पलुस्कर गेले. इमारत नाही, संस्थापक नाही, तरी त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन मंडळाची स्थापना केली आणि पुढच्या वर्षी विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. वास्तू गेली पण माणसं तयार होती, म्हणून काम चाललं. सुरुवात संगीताची, नृत्याच्या परीक्षा नंतर जोडल्या गेल्या. आज तुमच्या भिंतीवर जे विशारद टांगलेलं आहे त्याच्या मुळाशी हा उपदेशक वर्ग आहे. गंमत अशी, की आपण परीक्षा उचलल्या आणि शिक्षक घडवण्याचा भाग मागे सोडला.

साहेबाच्या देशातही असंच घडलंय, म्हणून तेही सांगतो. १९२० मध्ये लंडनमध्ये बॅले शिक्षकांची एक संघटना निघाली, तीच पुढे रॉयल अकॅडमी ऑफ डान्स म्हणून जगभर पसरली. 'डान्सिंग टाइम्स' मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांचा पुढाकार, पहिल्या अध्यक्षा नर्तकी ॲडलिन जेने. चिंता कसली होती? कुणीही उठून क्लास काढतोय, आणि चुकीच्या शिकवण्यानं मुलांची शरीरं बिघडतायत. म्हणून त्यांनी आधी परीक्षा घेतल्या त्या शिक्षकांच्या. मुलांच्या परीक्षा त्यानंतर आल्या. आजही तिथे नोंदणीकृत शिक्षकच आपली मुलं परीक्षेला बसवू शकतो, आणि ती नोंदणी टिकवायला त्याला स्वतःचं शिकणं चालू असल्याचं दाखवावं लागतं. त्याहून जुनी संस्था इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग, १९०४ ची. तिच्यात आता कथक आणि भरतनाट्यमचाही विभाग आहे, विद्यार्थ्यांच्या परीक्षा वेगळ्या आणि शिक्षकांची पात्रता वेगळी. लंडन-लेस्टरकडे स्थायिक झालेल्या आपल्या वाचक मैत्रिणींनी तिथे क्लास काढताना हे जरूर तपासावं, भारतातलं विशारद तिथे जसंच्या तसं चालेल असं गृहीत धरू नये.

झुंबाचं बघा. तिथे विद्यार्थ्यांची परीक्षाच नाही. कंपनी फक्त शिकवणाऱ्याला प्रशिक्षण देते, नाव वापरायचा परवाना देते आणि नवीन गाणी-स्टेप पुरवत राहण्याची महिन्याची फी घेते. कलेच्या दृष्टीनं आपली तुलना होत नाही, मान्य. पण पैसा कुठे आहे हे त्यांनी अचूक ओळखलं, एवढं मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखं.

शिकवायला शिकायचं म्हणजे नेमकं काय

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचं उत्पन्न इथे ठरतं.

सुरुवात उभं राहण्यापासून करा. नवीन शिक्षिका बहुधा मुलींकडे पाठ करून, आरशाकडे बघत नाचते. तिला वाटतं मुली मागून उचलतायत. उचलतातही, पण हात उचलतात. पाय तिला दिसतच नाहीत. मुलींकडे तोंड करून शिकवायचं तर तुम्हाला उलटं करावं लागतं, त्यांचा उजवा तो तुमचा डावा. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. घरी महिनाभर सराव केल्याशिवाय जमत नाही. तुमच्या विशारदच्या अभ्यासात हे कधी होतं का? नव्हतं.

मग टाळी. तीनताल, १६ मात्रा, तत्कार सुरू. बाई टाळ्या वाजवतायत, तोंडानं बोल म्हणतायत, मुली छान नाचतायत. आता बाईंनी टाळी आणि बोल दोन्ही थांबवा, फक्त लेहरा चालू ठेवा. अर्ध्या मुली चार आवर्तनांत भरकटतील. कारण ताल मुलींच्या अंगात गेलेलाच नव्हता, तो बाईंच्या हातात होता. म्हणून पहिल्या महिन्यापासून मुलींनाच पढंत करू द्या, एकीनं ताल धरायचा, बाकीच्यांनी नाचायचं, मग अदलाबदल. खाली नवव्या मात्रेला येते हे सांगून कळत नाही, हात हलवून कळतं.

शरीर. हा भाग सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत धोक्याचा. भरतनाट्यमच्या अरमंडीत गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेनं जायला हवा. पावलं जबरदस्तीनं बाहेर वळवली आणि गुडघे आत पडले, की दिसायला अरमंडी होते आणि गुडघ्याला पीळ बसतो. आठ वर्षांची मुलगी बोलत नाही, ती सहन करते. कथकमध्ये तेच पायाच्या आघाताचं. पाय गुडघ्यातून आपटायचा की घोट्यातून सुटा पडू द्यायचा, हे तुम्हाला तुमच्या गुरूंनी कधीतरी दाखवलं असेल, पण का ते सांगितलं नसेल. मुलींना का ते कळलं पाहिजे. आणि जमीन! थेट स्लॅबवर बसवलेल्या फरशीवर रोज तास-तास तत्कार म्हणजे नडगीचं दुखणं ठरलेलं. लाकडी जमीन परवडत नसेल तर हॉलच्या पुढच्या भागात तरी रबराच्या पट्ट्यांवर प्लायवूडचे तक्ते टाका. घुंगरांचीही घाई नको. लहान मुलीच्या पायात पहिल्याच वर्षी शंभर-शंभर घुंगरू बांधून फोटो चांगला येतो, पण पाऊल उचलायची सवय बिघडते. आधी उघडं पाऊल स्वच्छ वाजू दे, मग थोडे घुंगरू, मग हळूहळू वाढवा. दुखतंय म्हणणारीला "सवय होईल" असं म्हणून नाचवू नका, घरी कळवा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा. फिजिओथेरपिस्ट ओळखीची असेल तर वर्षातून एकदा क्लासमध्ये बोलवा, पालकांसमोर. खर्च फार नाही, विश्वास खूप मिळतो.

चूक दुरुस्त करताना हात लावायची वेळ येते. आधी विचारा, "खांदा धरू का?" दार उघडं ठेवा, आईला बसून बघायचं असेल तर बघू द्या. पुरुष शिक्षक किंवा तबलजी असतील तर हे नियम लिहूनच ठेवा. २०१२ चा पॉक्सो कायदा शाळांना लागू आणि क्लासला नाही, असं काही नसतं.

वय हा आणखी एक विषय. सहा वर्षांच्या मुलीला सलग एक तास एकच गोष्ट करवत नाही. तिच्या तासाचे चार तुकडे करा: थोडं अंग मोकळं करणं, थोडा तत्कार, बसून हस्तमुद्रा आणि बोल, शेवटी एखादी छोटी गोष्ट अभिनयातून. तेराव्या-चौदाव्या वर्षीच्या मुलीचं शरीर भराभर बदलतं, काल जमणारी चक्करं आज जमत नाहीत, आणि ती सगळ्यांसमोर बोललेलं विसरत नाही. तिच्यासाठी तुमची भाषा वेगळी लागते. एकाच हॉलमध्ये सहा ते सोळा अशी एकच बॅच घेणाऱ्यांनी भाडं वाचवलेलं असतं, मुली गमावलेल्या असतात.

क्रम लावणं ही पण शिकायची गोष्ट आहे, आणि त्यात आपली मराठी माणसं पुढे होती. तंजावरला मराठी राजांचं राज्य होतं. सरफोजी दुसरे (१७९८ ते १८३२) यांच्या दरबाराशी जोडलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला आजचा क्रम दिला. अलारिप्पूनं अंग उघडायचं, मग जतिस्वरम, शब्दम, मग कस लावणारं वर्णम, त्यानंतर पदम आणि शेवटी तिल्लाना. सरफोजींच्या नावावर मराठीतल्या नृत्यरचनाही आहेत, आणि मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्या अभ्यासून मंचावर आणल्या. सोप्याकडून अवघडाकडे कसं न्यायचं, दमलेल्या शरीराला कुठे विसावा द्यायचा, हे सगळं त्या क्रमात आहे. तुमच्या तासाभराच्या क्लासचा क्रमही असाच कागदावर लिहून बघा. बहुतेकींच्या लक्षात येतं की आपण गेली दोन वर्षं मनाला येईल तसं शिकवतोय.

मग हे शिकायचं कुठे?

पहिला आणि स्वस्त मार्ग म्हणजे तुमच्या गुरूंकडे परत जा. पण या वेळी नाचायला नाही. "ताई, सहा महिने तुमच्या प्रारंभिकच्या बॅचला मदतनीस म्हणून येते, पैसे नकोत" असं म्हणा. कोपऱ्यात वही घेऊन बसा. ताई कुणाला काय बोलल्या, कुठली चूक बघून न बघितल्यासारखी केली, कुठे थांबल्या, ते लिहा. पुण्यात आज गल्लोगल्ली कथकचे वर्ग दिसतात, त्यामागे १९४७ मध्ये रोहिणीताई भाट्यांनी काढलेल्या 'नृत्यभारती'चा मोठा हात आहे. तिथे शिकलेल्या मुली आणि त्यांच्याकडे शिकलेल्या मुली पुढे स्वतः शिकवत्या झाल्या. ही साखळी नुसत्या परीक्षा देऊन तयार होत नाही.

दुसरा मार्ग औपचारिक. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय, इथे नृत्यातलं विद्यापीठाचं शिक्षण मिळतं. वेळ आणि पैसा जास्त लागतो, पण शाळा-कॉलेजात नोकरीचा विचार असेल तर विद्यापीठाची पदवी आणि मंडळाचं विशारद यांत फरक पडतो. काही ठिकाणी विशारद पदवीच्या तोडीचं धरतात, काही ठिकाणी नाही. ज्या जागेसाठी अर्ज करताय तिची जाहिरात वाचा आणि लेखी विचारा.

तिसरा मार्ग मी स्वतः सगळ्यांना सुचवतो, आणि फार कमी जणी करतात. मोबाइल कोपऱ्यात ठेवून स्वतःचा एक पूर्ण तास रेकॉर्ड करा. रील टाकायला नाही, बघायला. किती वेळ तुम्ही बोललात आणि किती वेळ मुली नाचल्या, ते मिनिटांत मोजा. शेवटच्या रांगेतल्या मुलीकडे तुम्ही तासाभरात किती वेळा बघितलं, ते मोजा. पहिल्यांदा बघवणार नाही. तरी बघा.

दुसरी शिक्षिका

क्लास ४० मुलींच्या पुढे गेला की तुम्ही एकट्या पुरत नाही. इथे सगळ्याजणी एक सोपी गोष्ट करतात: विशारद प्रथमला असलेल्या मुलीला लहानांची बॅच देऊन टाकतात. महिन्याला दोन हजार, आणि वर "तुझाही सराव होईल." मग सगळ्यांत नाजूक बॅच, जिथे पाया घडतो, ती सगळ्यांत कच्च्या हातात जाते. पालकांना लगेच कळतं. त्यांनी प्रवेश तुमच्याकडे बघून घेतलेला असतो.

मदतनीस ठेवा, जरूर ठेवा, पण पहिले तीन महिने ती तुमच्यासोबत उभी राहील, पुढचे तीन महिने तुम्ही तिच्यासोबत मागे बसाल, आणि मगच बॅच तिची. तुमचा अभ्यासक्रम एका वहीत असू दे, कुठल्या महिन्यात काय, कुठली चूक नेहमी होते, ती कशी सोडवायची. ही वही म्हणजे तुमच्या धंद्याची खरी मालमत्ता, आरसे आणि म्युझिक सिस्टिम नव्हे. मानधन बॅचच्या फीच्या टक्केवारीवर ठरवलं तर मुली टिकवण्यात तिलाही रस राहतो. समजा, १५ मुलींची बॅच आहे, फी १,०००, म्हणजे १५,०००. त्यातले ३० टक्के, म्हणजे ४,५०० तिचे. "पण ती शिकून स्वतःचा क्लास काढेल ना?" काढेल. काहीजणी काढतातच. तिच्या परीक्षेच्या मुली तुमच्या केंद्रावर याव्यात, वार्षिक कार्यक्रम एकत्र व्हावा, असं नातं ठेवलंत तर तुमचं नुकसान होत नाही.

जोडणीच्या आधी

आता मंडळाशी जोडून घेण्याचं. सुरुवातीला स्वतःचं केंद्र मिळवायच्या मागे लागू नका. जवळच्या चालू केंद्रामार्फत मुली बसवा, एक-दोन सत्रं व्यवस्था कशी चालते ते बघा. कुठल्याही मंडळाकडे जाताना हे विचारा: शासनाच्या यादीत तुमचं नाव आहे का, म्हणजे दहावीचे गुण मिळतील का? परीक्षक बाहेरचा येतो की क्लासवालेच एकमेकांच्या मुली तपासतात? शिक्षिकेची किमान पात्रता काय मागता? शिक्षकांसाठी शिबिरं घेता का? निकाल लागला की नुसते गुण येतात की काही शेराही येतो? "पैसे भरा, सगळे पास होतात" असं हसत सांगणारे भेटले तर चहा प्या आणि निघा. त्यांचं प्रमाणपत्र तुमच्या बोर्डावर लागलं की गावातल्या जाणत्या माणसांना तुमचा दर्जा वाचता येतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला फी नाही. मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यायची असते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. क्लासचं बँक खातं वेगळं ठेवा, परीक्षेची फी त्यात आली तरी ती वेगळ्या रकान्यात लिहा आणि पावती द्या. सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास घेणार असाल तर आवाजाच्या वेळा लेखी ठरवून घ्या, घुंगरांचा आवाज खालच्या मजल्यावर किती जातो हे तुम्हाला वर राहून कळत नाही.

आणि ज्या ताईंनी हॉल बघून ठेवलाय त्यांच्यासाठी: हॉल जूनचाच घ्या, पण आजपासून जूनपर्यंतचे महिने मोकळे सोडू नका. आठवड्यातून दोन दिवस गुरूंकडे मदतनीस म्हणून जा, एक दिवस सोसायटीतल्या पाच मुलींना फुकट शिकवा आणि तो तास रेकॉर्ड करा. जूनमध्ये पहिली बॅच बारा मुलींचीच घ्या, सहा ते नऊ वयाची. पहिल्या वर्षी एकीचाही परीक्षेचा फॉर्म भरला नाहीत तरी चालेल, ते पालकांना प्रवेशाच्या दिवशीच सांगून ठेवा.